दगडाचं मूळ गाव

मिरकरवाडा बंदरात पहाटे बोटी लागल्या की जेटीवर आधी आवाज उठतो तो बर्फ फोडण्याचा. मग टोपल्या सरकतात, बोली सुरू होते आणि ओल्या जमिनीवर बांगडा, सुरमई, सौंदाळे, म्हाकूल यांचे वेगवेगळे ढीग पडू लागतात. ही वाटणी इतक्या झपाट्याने होते, की लांबून पाहणाऱ्याला ती आपोआपच होते आहे असं वाटावं. जवळ उभं राहिलं की कळतं, मासळी घेणारी बाई नुसती बघत नाही. ती कल्ला उचलून आतला रंग पाहते, अंगठ्याने पाठ दाबते, डोळा निरखते, मासा हातावर तोलते. वरच्या चकाकीवर तिचा भरवसा नसतो. बर्फातून काढलेला मासा चकाकतोच. चार खुणा एकमेकींशी जुळल्या, की मगच ती भावाचं बोलते.

मी मिरकरवाड्यात आलो होतो ते दगड बघायला. खांद्यावरच्या पिशवीत चुंबक, लोखंडी खिळा, काचेचा तुकडा, टाइलचा तुकडा, लिंबू आणि भिंग एवढंच सामान होतं. पण दगड ओळखण्याचा पहिला धडा मिळाला तो जेटीवर. एका खुणेवर कधी विसंबू नये, आणि रंगावर तर मुळीच नाही.

दुसरा धडा या गावाच्या जागेतच आहे. मिरकरवाडा वसला आहे रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, जिथे किल्ल्याचा डोंगर आणि रत्नागिरी शहर जमिनीच्या एका चिंचोळ्या मानेने जोडले गेले आहेत. या मानेच्या उत्तरेला मिऱ्या डोंगराकडे पसरत जाणारा किनारा म्हणजे पांढरा समुद्र. दक्षिणेला मांडवीचा किनारा म्हणजे काळा समुद्र. पाणी दोन्हीकडे एकच, अरबी समुद्राचं. निराळी आहे ती वाळू. भूविज्ञानाचं पुस्तक हातात न घेता इथल्या माणसांनी आपले दोन किनारे खनिजांवरून वेगळे केले आणि नावंही देऊन टाकली. वर्गीकरण म्हणतात ते हेच.

कोकणात नवखा माणूस भेटला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, मूळ गाव कुठलं? एकदा गाव कळलं की माणूस कळायला लागतो. दगडाचंही तसंच आहे. तो कुठे जन्मला, त्याच्यावर काय काय गुदरलं, इथवर तो कसा आला, हे उलगडलं तर ओळख पटली म्हणायची. नुसतं नाव पाठ करून काही हाती लागत नाही.

बर्फ, मीठ आणि कालव

खनिज कशाला म्हणायचं, हे समजून घ्यायला जेटी सोडून लांब जावं लागत नाही. खनिज निसर्गात आपोआप तयार झालेलं असावं, घन असावं, त्याची रासायनिक घडण ठरलेली असावी आणि त्याच्या अणूंची मांडणी शिस्तीत, म्हणजे स्फटिकरूप असावी. बंदरावरच्या तीन वस्तू या व्याख्येवर पारखून बघाव्यात.

पहिला बर्फ. हिमालयातला बर्फ हे रीतसर खनिज आहे. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातली लादी मात्र खनिज नव्हे. घडण तीच, मांडणी तीच, पण ती माणसाने तयार केली. दुसरं मीठ. सुक्या मासळीसाठी आणलेल्या खडे मिठातला एक मोठा खडा भिंगाखाली धरला, तर त्याच्या बाजू काटकोनात दिसतात. तो हलकेच फोडला तर तुकडेही चौकोनीच पडतात आणि ते फोडले तर पुन्हा चौकोनी. खनिज ठरावीक पातळ्यांवरच फुटतं, या गुणाला भूविज्ञानात पाटन म्हणतात. आतल्या अणूंची मांडणी बाहेर उघड होते ती अशी. तिसरं कालव. त्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, म्हणजे खडू आणि संगमरवर यांच्याच कुळातलं. पण ते जिवाने बांधलं म्हणून परंपरेने त्याला खनिजांत धरत नाहीत. तरीही त्याचा चुरा साठून, दाबला जाऊन पुढे चुनखडक होतोच. जिवंत आणि निर्जीव यांतली रेघ किनाऱ्यावर अशी पुसट होत जाते.

खनिज आणि खडक यांतला फरक सांगायला दिवाळीचा फराळ पुरतो. शेंगदाणा, डाळं, पोहा, खोबऱ्याचा काप ही झाली खनिजं, आणि चिवडा हा खडक. काही खडक एकाच खनिजाचे असतात, बहुतेक अनेकांचे. हे जिन्नस कशा रीतीने एकत्र आले, यावरून खडकांची तीन कुळं पडतात. वितळलेला रस थिजून झाला तो अग्निज, गाळ साठून दाबला गेला तो गाळाचा, आणि उष्णता व दाब यांनी मुळातला पालटून टाकला तो रूपांतरित. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागावर यातलं एकच कूळ पसरलं आहे, अग्निज बेसॉल्टचं. आपल्या मातीला राकट, कणखर म्हणण्याची सवय आपल्याला लागली ती या काळ्या दगडामुळे.

कस लावणे

पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला एकेक काम आहे. टाइलच्या तुकड्याची मागची, चकाकी नसलेली पांढरी बाजू दगडाची पूड पाहण्यासाठी. तिच्यावर दगड घासला की उमटणाऱ्या रेघेच्या रंगाला मराठी भूविज्ञानात फार नेमका शब्द आहे, कस. सोनार काळ्या, बारीक पोताच्या कसोटीवर सोनं घासून रेघ पाहतो, तोच हा कस. ‘कसाला उतरणे’ आपण माणसांबद्दल सहज म्हणतो. मुळात ती खनिजांची परीक्षा आहे. वरून पोलादासारखं काळं दिसणारं हेमॅटाइट टाइलवर घासलं, की रेघ येते लालबुंद. ग्रीक भाषेतल्या रक्त या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. गोएथाइट हे लोखंडाचं दुसरं खनिज. जर्मन महाकवी गोएथे हा हौसेने खनिजं जमवणारा, त्याच्या नावावरून हे नाव आलं. त्याचा कस पिवळसर तपकिरी. मॅग्नेटाइट घासलं तर रेघ काळी. तीन काळपट दगड आणि तीन निराळ्या रेघा. रंग फसवतो, कस सहसा फसवत नाही.

खिळा आणि काच आहेत कठिनता पाहायला. १८१२ मध्ये फ्रिडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजांची उतरंड लावली. सर्वांत खाली संगजिरे, मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट, फेल्डस्पार, क्वार्ट्‌झ म्हणजे गार, त्यावर पुष्कराज, कुरुंद आणि टोकाला हिरा. वरचा खालच्याला ओरखडतो, एवढाच नियम. आपलं नख साधारण अडीचच्या जागी बसतं आणि काच साडेपाचच्या. नखाने ओरखडा उठला तर खनिज फार मऊ, खिळ्याने उठला तर मध्यम, आणि दगडानेच काचेवर चरा पाडला तर तो कठीण. दोनशे वर्षं झाली तरी रानात फिरणाऱ्याला यापेक्षा सोपी रीत कोणी दिलेली नाही.

या उतरंडीतला कुरुंद आपल्याला परका नाही. धार लावण्याचा कुरुंदाचा दगड जुन्या लोकांना ठाऊक असतो. इंग्रजांनी हा शब्द भारतीय भाषांतूनच उचलला आणि जगभरच्या खनिजशास्त्रात तो कोरंडम म्हणून गेला. हाच कुरुंद क्रोमियमच्या अंशाने लाल झाला की त्याला माणिक म्हणतात.

माणकांचा रत्नागिरीशी एक करुण संबंध आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला, पुढल्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणलं गेलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या राज्यातलं मोगोक हे माणकांसाठी जगप्रसिद्ध. माणकांच्या देशाचा धनी ज्या गावी कैदेत राहिला त्या गावाच्या नावात रत्न आहे, पण इथल्या खडकात माणिक नाही. मोगोकची माणकं संगमरवरात, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पालटलेल्या चुनखडकात तयार झाली. इथला खडक थिजलेल्या लाव्ह्याचा आणि त्यावर साचलेल्या जांभ्याचा. मूळ गाव विचारलं की काय मिळेल आणि काय मिळणार नाही, दोन्ही कळतं.

जांभा: पावसाने घडवलेला

किल्ल्याकडे जाणारी चढण लागली की पायाखाली आणि दोन्ही हातांना लाल, छिद्राछिद्रांचा दगड सुरू होतो. हा जांभा. कोकणाने त्याला एका नावावर ठेवलेलं नाही. डोंगरमाथ्यावर उघडा पसरला की तो कातळ, त्या पठाराचा सडा होतो, आणि खाणीतून चौकोनी कापून निघाला की चिरा. दगड तोच, पण माणसाशी त्याचं नातं बदलतं तसं नाव बदलतं.

विज्ञानात त्याचं नाव लॅटेराइट, आणि तेही भारतातच ठेवलं गेलं. फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य १८०० ते १८०१ या काळात दक्षिण भारत हिंडला. मलबारात अंगाडिपुरम इथे लोक जमिनीतून मऊ दगड कापून काढतात आणि उघड्यावर तो विटेसारखा घट्ट होतो, हे त्याने पाहिलं. १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून हे नाव दिलं. अंगाडिपुरमला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने उभारलेलं स्मारक आहे. बुकाननने तिकडे जे पाहिलं ते रत्नागिरीतल्या कोणत्याही चिरेखाणीवर आजही दिसतं. ताजा चिरा ओलसर आणि कापायला सोपा असतो. काही काळ ऊन-वारा खाल्ला की त्यातली लोखंडाची संयुगं पाणी गमावून घट्ट होतात. म्हणून जुना बांधकामवाला चिरा खाणीतून थेट भिंतीत लावत नाही, आधी पडून राहू देतो.

जांभा अग्निज, गाळाचा की रूपांतरित? या प्रश्नावर तीन कुळांची चौकट अपुरी पडते. तो मुख्यतः जागच्या जागी कुजून उरलेला खडक आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मग कडक ऊन. अशी लाखो वर्षं गेली, तेव्हा मूळच्या बेसॉल्टमधली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम पाण्याबरोबर विरघळून वाहून गेली. पाण्याला दाद न देणारी लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. आपण ज्याला जांभा म्हणतो तो पावसाने नेऊन उरलेला खडक आहे. जिथे लोखंड जास्त राहिलं तिथे लाल जांभा, जिथे ॲल्युमिनियम जास्त राहिलं तिथे फिकट, कधी वाटाण्यासारख्या गोळ्यांनी भरलेला बॉक्साइट. जिल्ह्याच्या उत्तरेला मंडणगड-दापोली भागात बॉक्साइट आहे. दोघे सख्खे भाऊ, वाटणी तेवढी वेगळी झाली.

विहीर खणणाऱ्यांना हा सगळा इतिहास वरून खाली वाचता येतो. आधी कठीण कातळ, मग चिऱ्याजोगा मऊ जांभा, त्याखाली पांढुरकी-जांभळट चिकण माती, मग मुरूम आणि तळाशी काळा दगड. जांभ्याच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी चिकण मातीवर अडतं आणि डोंगराच्या कुशीला झरा होऊन बाहेर येतं. रत्नागिरीच्या आसपास काही ठिकाणी जांभ्याखालच्या राखी-निळ्या मातीत कोळसा झालेलं लाकूड, म्हणजे लिग्नाइट सापडतं. आज जिथे सडा तापतो तिथे कधीकाळी दाट झाडी आणि दलदल होती, याचा तो पुरावा.

या उघड्या कातळावर माणसानेही लिहून ठेवलं आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे अभ्यासक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवून कातळशिल्पांचा शोध घेतला. कशेळीच्या कातळावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात प्राण्यांच्या कितीतरी आकृती आहेत. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. लोखंडाने भरलेल्या या दगडाचं ते एक वेगळं बोलणं आहे. तिथे गेलात तर दगडाला खिळा लावू नका, हातोडी तर पिशवीतच नको.

काळा दगड आणि त्याच्या पोटातली गार

आमच्या घरी पाटा होता. वाटण नीट होईनासं झालं की वडारीण दारावरून हाक देत जायची आणि अंगणात बसून त्याला टाकी लावून द्यायची. काळ्या पाठीवर टाकीचे बारीक पांढरे ठिपके उमटत जायचे. पाटा काळ्या दगडाचाच का, हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. उत्तर दगडाच्या पोतात आहे. बेसॉल्टचे कण इतके बारीक आणि एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की तो सहसा झडत नाही. जांभ्याचा पाटा केला तर छिद्रांत वाटण अडकेल आणि मसाल्यात माती येईल. कोकणातल्या जुन्या बांधकामात हीच समज दिसते. भिंत चिऱ्याची, पाटा-वरवंटा आणि जातं काळ्या दगडाचं, देवाची मूर्ती काळ्या पाषाणाची, सांध्यांतला चुना शिंपल्या भाजून केलेला. प्रत्येक दगडाची लायकी ओळखून त्याला काम दिलेलं.

हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीला भेगा पडून लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि दख्खनचं पठार झालं. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जागा व्यापली आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. डोंगरांच्या पायऱ्यापायऱ्यांवरून त्याला ट्रॅप म्हणू लागले. स्वीडिश भाषेतल्या जिन्याचा तो शब्द.

काळा दगड ओळखताना एक चूक हटकून होते. उघड्यावर पडलेल्या धोंड्याची साल गंजून तपकिरी होते आणि तो जांभ्यासारखा वाटतो. म्हणून दगडाचं तोंड बघू नये, पोट बघावं. ताज्या फुटलेल्या बाजूला काळा-करडा, घट्ट पोत दिसला तर तो बेसॉल्ट. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कपची डोळ्यात उडते.

पोटात कधी पोकळ्याही सापडतात. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे थिजताना तसेच राहिले आणि नंतर त्यांतून गरम पाणी फिरलं. त्या पाण्याने पोकळ्यांच्या भिंतींवर खनिजं चढवली. गार, अकीक, कॅल्साइट, आणि झिओलाइट नावाचं मोठं कुटुंब. १७५६ मध्ये क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असं एक खनिज तापवलं तेव्हा ते उकळल्यासारखं फसफसलं. स्फटिकातच पाणी कोंडलेलं होतं. म्हणून नाव पडलं ‘उकळणारा दगड’, ग्रीक शब्दांतून झिओलाइट. महाराष्ट्रातल्या खाणींतली स्टिल्बाइट, स्कोलेसाइट आणि त्यांच्या सोबतीने सापडणारं ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हान्साइट तर संग्राहकांच्या स्वप्नात येतं. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय या दगडांसाठीच आहे. मुलांना एकदा तरी तिथे न्यावं. रस्त्याला खडी म्हणून पडणाऱ्या दगडाच्या पोटात काय असतं ते त्यांना दिसेल.

पांढरा समुद्र: लिंबाचे चार थेंब

किल्ल्यावरून उतरून मी उत्तरेच्या किनाऱ्यावर गेलो. मूठभर कोरडी वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली पाहिली. त्यात शिंपल्यांचे कण होते, एखाद्या शंखाच्या टोकाचा वळसा होता, काचेसारखे पारदर्शक कण होते आणि मधूनमधून काळे ठिपके. लिंबाचे चार थेंब टाकले. काही कणांभोवती बारीक बुडबुडे धरले, काही तसेच राहिले. बुडबुडे आले ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे कुठल्यातरी कालवाचं घर. आम्लाने त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. न फसफसलेले पारदर्शक कण गारेचे असण्याचा संभव मोठा.

पांढऱ्या दगडांत सर्वाधिक घोटाळा होतो, म्हणून त्यांची रीत नीट लक्षात ठेवावी. आधी काचेवर घासा. काचेवर चरा पडला आणि दगड फुटताना सपाट न फुटता शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार फुटला, तर ती गार. चरा पडला नाही, खिळ्याने ओरखडा उठला आणि लिंबाने फेस आला, तर कॅल्साइट. फेस आला नाही, पण मोत्यासारखी झाक आणि पात्यांसारखे किंवा सुयांसारखे स्फटिक आहेत, तर झिओलाइट. नखानेच पूड निघाली आणि बोटाला बुळबुळीत लागलं, तर संगजिरे. चार पायऱ्यांत चार नावं. चौथीतल्या मुलालाही हे जमतं.

या दिवाळीत उंबऱ्याशी रांगोळी घालताना डब्यातली चिमूटभर बाजूला काढून तिच्यावर लिंबू पिळून पाहा. पूर्वी ती शिरगोळा नावाचा दगड कुटून करत. आज बाजारात मिळणारी फसफसली तर त्यात संगमरवराच्या कुळाची भुकटी आहे असं समजा, नाही तर बहुधा गारेची. उंबऱ्यावरची पांढरी रेघही कुठल्यातरी डोंगरातून आलेली असते.

काळा समुद्र: सुपातली वाळू

मांडवीला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. ओल्या वाळूवर काळ्या रंगाचे लांब पट्टे उमटले होते, पाण्याने शाई ओढावी तसे. हाताने थोडं खणलं तर आत काळ्या आणि फिकट वाळूचे थर एकाआड एक दिसले. मूठ भरून उचलली. पांढऱ्या समुद्रावरच्या मुठीपेक्षा ही चांगलीच जड. ज्याला विशिष्ट गुरुत्व म्हणतात ते हाताला असं कळतं. गार पाण्याच्या २.६५ पट जड, लोखंड-टायटॅनियमचं इल्मेनाइट साधारण ४.७ पट आणि मॅग्नेटाइट सुमारे ५.२ पट.

थर कसे पडले, हे सूप हातात धरलेल्या कोणाही बाईला सांगावं लागणार नाही. पाखडताना कोंडा उडतो, दाणा राहतो. समुद्र हेच करतो. लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा सगळंच वर आणते आणि परतताना हलकं ओढून नेते. जड कण मागे राहतात. हे दिवसरात्र चालतं, आणि वादळी पावसाळ्यात अधिक जोराने. पण सुपात धान्य घातलं कोणी? सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये लोखंड आणि टायटॅनियमची बारीक खनिजं विखुरलेली असतात. खडक कुजतो, पाऊस माती धुऊन नेतो, आणि काजळीसारख्या नद्या ती खाडीच्या तोंडाशी आणून सोडतात. मांडवीच्या दक्षिणेला भाट्याच्या खाडीतून काजळी समुद्राला मिळते. म्हणजे या वाळूचं मूळ गाव घाटमाथ्याकडे आहे. पाट्याचा काळा दगड आणि किनाऱ्यावरची काळी वाळू एकाच घरची.

चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूवरून फिरवला. काही कण उडी मारून चिकटले, ते मॅग्नेटाइटचे. जोरदार चुंबकाला रेंगाळत येणारे इल्मेनाइटचे. पिशवी उलटी करून चुंबक काढून घेतला की कण अलगद कागदावर पडतात. पिशवी नसेल तर ते चुंबकावरून निघता निघत नाहीत, हे मी आधी एकदा शिकलो होतो.

नेमका हाच प्रयोग १७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात एका धर्मोपदेशकाने केला. विल्यम ग्रेगरला ओढ्याकाठी काळी वाळू दिसली, ती चुंबकाकडे ओढली जाते हे त्याने पाहिलं आणि तिचं पृथक्करण केलं. लोखंडाबरोबर तिच्यात एक अनोळखी धातू निघाला. चार वर्षांनी क्लाप्रोट या जर्मन रसायनज्ञाने त्याचं नाव टायटॅनियम ठेवलं. विमानांपासून हाडांच्या शस्त्रक्रियेपर्यंत वापरला जाणारा हा धातू काळ्या वाळूतून जगासमोर आला. त्याचा सर्वांत मोठा वापर मात्र वेगळाच आहे. टायटॅनियम डायऑक्साइड ही जगातली सर्वांत प्रचलित पांढरी रंगद्रव्य-भुकटी. मिरकरवाड्याच्या बोटींवर जो शुभ्र पट्टा रंगवलेला असतो, तसल्या पांढऱ्या रंगाचा कच्चा माल म्हणजे असली काळी वाळू.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरी या उपसागरांतल्या इल्मेनाइटचा अभ्यास केला आहे. केरळच्या काळ्या वाळूत मोनाझाइट हे किरणोत्सारी खनिज असतं, कारण तिथली वाळू फार जुन्या, वेगळ्या खडकांतून आली. इथली वाळू बेसॉल्टची लेक आहे. दिसायला सारख्या दोन वाळूंचं माहेर वेगळं, म्हणून गुण वेगळे. या वाळूकडे फक्त धातू म्हणून बघणं मला पटत नाही. पावसाळ्यात समुद्र वाळू आत ओढतो आणि हिवाळ्यात परत आणून टाकतो. त्या येण्याजाण्यावर किनारा टिकतो. मिऱ्या ते पांढरा समुद्र या पट्ट्यात बंधारा का घालावा लागला, हे तिथल्या घरांना विचारावं. अभ्यासाला चिमूटभर वाळू पुरते.

पाहुणे दगड

बंधाऱ्यापाशीच दगड ओळखणाऱ्याची खरी परीक्षा होते. तिथले मोठे काळे धोंडे या किनाऱ्याचे नव्हेत. ते खाणीतून आणून टाकलेले. चार पायांचे टेट्रापॉड तर काँक्रीटचे. त्यांतून निसटलेला एखादा गोटा लाटांनी गुळगुळीत झाला की तो इथलाच वाटू लागतो. बंदर म्हटलं की पाहुणे दगड आलेच. भराव, बांधकामाची खडी, फुटक्या फरशा, विटांचे गोल झालेले तुकडे. समुद्राने घासलेली हिरवी काच अनेकांना रत्न वाटते. भिंगाखाली तिच्यात गोल बुडबुडा दिसला की ती बाटलीची. भट्टीतली धातूची मळी हलकी, छिद्रांची आणि चमकदार असते, आणि लोक ती उल्का म्हणून जपून ठेवतात. म्हणून दगड उचलण्याआधी आजूबाजूला पाहावं. त्याच्यासारखे आणखी आहेत का? वरच्या कड्यात तोच दगड दिसतो का? दिसला तर तो घरचा. एकटाच असेल तर त्याला कोणी आणलं ते शोधावं.

चिठ्ठी

संध्याकाळी जेटीवर परतलो तेव्हा जाळी दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर चाचांशेजारी बसून मी दिवसभराचे दगड मांडले. काय जमवलंय म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सांगायच्या आधीच एकेक उचलून बघू लागले. जांभा बाजूला, काळा दगड बाजूला, गार बाजूला. काळ्या वाळूची पुडी हातावर तोलून त्यांनी मांडवीकडे बोट केलं. पांढऱ्या वाळूच्या पुडीला उलट्या दिशेला. एका लालसर तुकड्याशी मात्र ते थांबले, त्याच्या सारख्या कडेवरून बोट फिरवलं आणि तो माझ्या पायाशी परत ठेवला. वीट होती. मी तो जांभ्यात धरला होता.

बहुतेक लोक दगड जमवतात आणि कपाटात ठेवतात. वर्षभराने कुठून आणला ते आठवत नाही, आणि मग तो नुसता शोभेचा उरतो. ठिकाण हरवलेला दगड पत्ता नसलेल्या माणसासारखा. त्याच्याबद्दल पुढे काहीच सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक दगडासोबत चिठ्ठी हवी. तिच्यावर ठिकाण, तारीख, तो कड्यातला होता की सुटा, कस कोणता, काचेवर चरा पडला का, लिंबाने फेस आला का, चुंबकाला ओढला गेला का. आणि दोन नावं. एक पुस्तकातलं, एक गावातलं. मराठी विश्वकोशाने कस, पाटन, कठिनता असे नेमके शब्द रुजवले. गावाने कातळ, सडा, चिरा, मुरूम, गार हे शब्द कितीतरी आधी घडवले. पहिल्या शब्दांनी आपण जगाशी बोलतो, दुसऱ्यांनी या जमिनीशी. यातलं एक नाव गळलं तरी दगडाची ओळख अर्धी राहते.

जेटीवरचे दिवे लागले होते. मी मांडीवर कागद घेऊन शेवटच्या पुडीची चिठ्ठी लिहिली: काळी वाळू. इल्मेनाइट, थोडं मॅग्नेटाइट. कस काळा, लिंबाला शांत, चुंबकाला ओढ. सापडली काळ्या समुद्रावर, मांडवी, रत्नागिरी. मूळ गाव सह्याद्री.